मदत हवी आहे: चाकणला गुरुवारी तिसरा राउंड आहे, नक्की काय विचारतात?

भोसरीकर
एका मोठ्या कार कंपनीत इंटरव्ह्यू चालू आहे, चाकण प्लांट. दोन राउंड झाले, तिसरा गुरुवारी. दुसऱ्यात एका प्रश्नाला अडकलो, तो अजून डोक्यातून जात नाही. अनुभव सहा वर्षं. आत काम करणाऱ्यांनी प्लीज लवकर सांगा, दोनच दिवस आहेत.

निगडीचा_काका
अरे, पण शॉप कुठलं? प्रेस, बॉडी, पेंट, असेंब्ली, का क्वालिटी? आणि अडकलास तो प्रश्न कुठला? मोघम विचारलंस तर मोघमच उत्तरं येणार.

ईव्ही_रसिक
शॉप कुठलंही असो, बॅटरी पॅक आणि बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) वाचून जा. पुढची दहा वर्षं त्याचीच आहेत. मी चाळिशीत शिकलो, आज समाधानी आहे.

मोजमापवाला
3-2-1 लोकेशन, म्हणजे पार्ट सहा बिंदूंवर पक्का बसवायचा नियम, पाठ हवाच. आणि एफएमईए, म्हणजे काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला हिशोब, विचारणारच. आरपीएन (बिघाड किती गंभीर, किती वेळा होतो आणि पकडायला किती अवघड, या तीन गुणांचा गुणाकार) बोलू नका, एपी (आधी कशावर ॲक्शन घ्यायची ती पातळी) बोला. 2019च्या हँडबुकात आरपीएन काढून टाकलाय.

निगडीचा_काका
आमच्याकडे आरपीएन 100च्या वर गेला की ॲक्शन घ्यायची. तीस वर्षं काम केलं, कुठे अडलं नाही.

मोजमापवाला
काका, तिथेच तर चूक होते. ब्रेक पाइपची गळती घ्या: सिव्हिअॅरिटी (गंभीरता) 10, बाकी दोन्ही 2, गुणाकार 40. ट्रिमचा (गाडीच्या आतल्या सजावटीच्या पट्ट्यांचा) आवाज घ्या: 4, 4, 4, गुणाकार 64. तुमच्या हिशोबाने आधी ट्रिम बघायची?

निगडीचा_काका
सिव्हिअॅरिटी 9-10 आली की आम्ही आकडा न बघता ॲक्शन घ्यायचो. कागदावरचा नियम वेगळा, शॉपमधला वेगळा. पोराला त्याचा प्रश्न तरी सांगू दे.

भोसरीकर
सॉरी, घाईत राहून गेलं. बॉडी शॉप, प्रोसेस इंजिनिअर. सध्या सप्लायरकडे स्पॉट वेल्डिंगच (पत्रे करंटने ठिपक्या-ठिपक्याने जोडणं) बघतो, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. प्रश्न असा: सकाळी आठला वेल्ड ओके. साडेअकराला त्याच वेल्डिंग गनच्या जोडाला पील टेस्टमध्ये, म्हणजे पत्रे सोलून बघितल्यावर, बटन (जोडाचा गोल तुकडा) निघत नाही, करंट सेटिंग तेच आहे. काय कराल? मी म्हटलं, करंट वाढवीन. ते म्हणाले, का? मी गप्प.

वेल्डशॉपवाली
तुम्ही गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेल्या) पत्र्यावर काम करता का साध्या?

भोसरीकर
साध्या. चाकणला गॅल्व्हनाइज्ड आहे, हे त्यांनी पहिल्याच राउंडला सांगितलं होतं.

वेल्डशॉपवाली
मग हेच उत्तर आहे, आणि हे आधी लिहायला हवं होतं. जस्त गनच्या तांब्याच्या टिपेत मिसळतं, टिपेचं तोंड पितळेसारखं होतं आणि लवकर फुलतं. 6 मिमीची टिप 8 झाली की क्षेत्रफळ साधारण 28 वरून 50 चौ. मिमी होतं. करंट तोच, पण दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ निम्मा. नगेट (पत्रे वितळून होणारा जोड) होणार कसं? म्हणून कंट्रोलरला स्टेपर असतो, ठराविक स्पॉटनंतर तो करंट चढवतो. आणि टिपेचं तोंड कापून पुन्हा नीट करणारा टिप ड्रेसर असतो. तुमचं "करंट वाढवीन" अर्धं बरोबर होतं, कारण सांगितलं असतं तर तिथेच जमलं असतं.

आता कारण शोधायचा क्रम. आधी कार्बन पेपर आणि पांढरा कागद टिपांमध्ये धरा, करंट बंद ठेवून गन मिटवा, ठसा बघा. ठसा मोठा किंवा एका बाजूला गेलेला दिसला तर ड्रेस करा किंवा टिप बदला. ठसा बरोबर असेल तर कूलिंगचं पाणी, गन फोर्स, दोन पत्र्यांतली फट, शेजारच्या स्पॉटमधून करंट निसटणं (शंटिंग) तपासा. 1 मिमी पत्र्याला बटन किमान 4 मिमी हवं, बऱ्याच ठिकाणी 5 मागतात. व्हर्निअर लावून बोला, नुसतं "ओके दिसतंय" म्हणू नका. आणि सगळ्यात आधी हे सांगा: आठ ते साडेअकरा बनलेल्या बॉड्या बाजूला काढीन आणि छिन्नीने तपासत मागे जाईन. हे बरेच जण विसरतात. आमच्याकडे माणूस याच उत्तरावर निवडतात.

भोसरीकर
बॉड्या अडवायचं खरंच सुचलं नव्हतं. ताई, टॅक्ट टाइमही (एका बॉडीला मिळणारा वेळ) विचारतील का?

वेल्डशॉपवाली
विचारतील. दोन शिफ्ट, प्रत्येकी साडेसात तास काम, 600 बॉड्या: 54,000 भागिले 600, म्हणजे 90 सेकंद. टिप बदलायला त्यापेक्षा जास्त लागलं तर लाइन थांबेल. मग कधी बदलाल, हा त्यांचा पुढचा प्रश्न. जेवणाच्या सुट्टीत किंवा शिफ्ट बदलताना बदलायचं ठरवून ठेवा.

पगारवाला
जॉइन झालात तर पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच राहतो.

मोजमापवाला
अवांतर: सकाळी तळेगाव-चाकण रस्त्याने जाऊ नका. कंटेनरच्या मागे अडकलात की संपलं.

निगडीचा_काका
भोसरीहून तो तळेगावला कशाला जाईल? नाशिक रस्ता, मोशीवरून सरळ. तिथेही गर्दी असतेच म्हणा. इंटरव्ह्यू कितीला आहे रे?

भोसरीकर
साडेनऊ.

निगडीचा_काका
मग साडेसातला नीघ. आणि जुनी फुललेली टिप शॉपमध्ये सापडली तर आज रात्री ती नव्या टिपेशेजारी ठेवून बघ.