तंबोऱ्यासारखा सूर हवाय, पण मॉर्फिंग फिल्टर मध्यावर आला की आवाज पोकळ होतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेत राहतो. आमच्या ग्रुपच्या एकांकिकेला पार्श्वसंगीत करतोय. एका प्रवेशात आई चार मिनिटं काहीच बोलत नाही. तिथं एकच अखंड सूर हवाय, 'आ'पासून 'ई'कडे हळूहळू उघडत जाणारा.

घरी आजोबांचा मिरजेचा तंबोरा आहे. जवारी नीट लागली, घोडीवरचं सूत जागेवर बसलं की एकाच तारेतून वरचे स्वर एकामागून एक फुलतात. मला सिंथवर (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या वाद्यावर) तेच फुलणं हवंय. तंबोराच रेकॉर्ड कर असं कृपया सांगू नका, कारण शेवटी हा सूर माणसाच्या हाकेसारखा व्हायचाय.

व्हायटल वापरतोय, फुकटातलं सिंथ सॉफ्टवेअर. मूळ आवाज सॉ वेव्ह (भरपूर वरचे स्वर असलेली लहर), षड्ज काळी एक (१३८.६ हर्ट्झ). फिल्टरची स्टाइल नॉच ब्लेंड (नॉब फिरवला की लो-पासकडून हाय-पासकडे सरकणारी), कटऑफ (फिल्टर जिथं कापतो ती जागा) ५५४ हर्ट्झ, आणि ब्लेंडच्या नॉबला १६ सेकंदांचा एलएफओ (नॉब आपोआप फिरवणारी संथ लहर). दोन्ही टोकांना आवाज सुरेख येतो. मध्यावर मात्र सुराचा गाभाच निघून जातो.

माझ्या समजुतीप्रमाणे लो-पास (खालचे स्वर जाऊ देणारा) आणि हाय-पास (वरचे जाऊ देणारा) सारखे मिसळले की कटऑफच्या जागी खड्डा, म्हणजे नॉच, पडतो. ओबरहाइम कंपनीच्या जुन्या एसईएम सिंथमध्येही नॉब मध्यावर ठेवला की नॉचच मिळतो. आणि ५५४ म्हणजे माझ्या षड्जाची बरोबर चौपट, म्हणजे नेमका तोच स्वर गिळला जातोय. कटऑफ सरकवला की दुसरा जातो. ई-म्यू कंपनीच्या मॉर्फियस सिंथमध्ये (१९९३) १४ पोलच्या, म्हणजे बऱ्याच गुंतागुंतीच्या, फिल्टरचा आकारच एकातून दुसऱ्यात सरकायचा, मला हवंय ते हेच. पण ते यंत्र इथं कुठून आणू? सॉफ्टवेअरमध्ये जमवलंय का कुणी?

प्रतिसाद:
भावा, नॉच सोड. 'आ' आणि 'ई' खड्ड्यांनी होत नाहीत, शिखरांनी, म्हणजे जोरात उठणाऱ्या पट्ट्यांनी होतात. व्हायटलचे दोन्ही फिल्टर बँड-पास (फक्त कटऑफच्या आसपासचे स्वर जाऊ देणारे) कर आणि ऑसिलेटर (मूळ लहर काढणारा भाग) दोघांना समांतर दे. पुरुषी आवाजात 'आ'ची शिखरं साधारण ७०० आणि ११०० हर्ट्झला असतात, 'ई'ची ३०० आणि २३०० ला. एकच मॅक्रो (अनेक गोष्टी एकदम फिरवणारा नॉब) दोन्ही कटऑफना जोड: पहिला खाली उतरेल, दुसरा वर चढेल. की-ट्रॅकिंग (स्वराबरोबर कटऑफ सरकणं) बंद ठेव, नाहीतर स्वर बदलला की अक्षरही बदलेल. बँड-पासमुळे खर्ज पातळ होईल, म्हणून दुसऱ्या ऑसिलेटरवर साधी साइन लहर घेऊन ती फिल्टर टाळून थेट इफेक्ट्सला पाठव. एलएफओ काढ आणि मॅक्रो हातानं फिरवून रेकॉर्ड कर. प्रवेशातल्या आईचा श्वास बघून फिरव.

मूळ लेखक:
दादा, मनापासून आभार. रात्री दोन वाजता लावून बघितलं, मध्ये कुठंही पोकळ वाटत नाही. शेवटच्या मिनिटाला आई खरंच हाक मारतेय असं वाटलं. एकच अडतंय: 'ई' जवळ आला की आवाज टोचतो, तालमीच्या हॉलमधल्या स्पीकरवर जास्तच. तिथं रेझोनन्सही (शिखराचा टोकदारपणा) मॅक्रोनंच उतरवू, की दुसऱ्या फिल्टरची फक्त पातळी कमी करू?