मदत हवी आहे: सिफिलिस (गरमी) झालेल्या गरोदर बाईचा पेनिसिलिनचा दुसरा डोस चुकला, आता पुढे?

प्रश्न (खानापूर तालुका): २८ आठवडे झाले तेव्हा व्हीडीआरएल १:१६, टीपीएचए पॉझिटिव्ह (दोन्ही सिफिलिसच्या रक्तचाचण्या). लागण कधीची ते कळायला मार्ग नाही, म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचे दर आठवड्याला एक असे तीन डोस ठरले. पहिला झाला आणि नवरा-बायको ऊसतोडीला निपाणीकडे गेली. पहिल्या डोसपासून आज बारावा दिवस. उरलेले दोन दिले तर भागेल का? आणि बाळाचं काय?

उत्तर १: नाही भागणार. गरोदरपणात ९ दिवसांच्या वर खंड पडला की मोजणी परत एकपासून. आजचा पहिला धरा, मग आजपासून ७ आणि १४ दिवसांनी. दर वेळी २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख, स्नायूत खोल. शिरेत कधीच नाही. औषध दाट असतं, बारीक सुई तुंबते. विरघळवलं की लगेच द्या, सावकाश पण न थांबता. "लई दुखतंय, गोळ्या द्या" म्हणतील, पण अ‍ॅझिथ्रोमायसिन वारेतून बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही. अ‍ॅलर्जी असली तरी दवाखान्यात दाखल करून, डिसेन्सिटायझेशन (अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत शरीराला औषधाची सवय लावणं) करून पेनिसिलिनच. पहिल्या डोसनंतर २४ तासांत ताप, अंगदुखी येऊ शकते, ती अ‍ॅलर्जी नव्हे. कळा सुरू झाल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली तर मात्र न थांबता दवाखान्यात न्या. नवऱ्याची तपासणी-उपचार आत्ताच, टोळी परत हलायच्या आत. नाहीतर तिला पुन्हा लागण.

उत्तर २: बाळासाठी खरी मेख तारखेची. पूर्ण उपचार बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी सुरू झालेले हवेत. नाही झाले, किंवा बाळाचं टायटर (व्हीडीआरएलचा १:१६ सारखा आकडा) आईच्या चौपट निघालं (आई १:४, बाळ १:१६), तर बाळ वरून ठणठणीत दिसलं तरी १० दिवस पेनिसिलिन. क्रिस्टलाइन (आईच्या बेंझाथिनहून वेगळा प्रकार, हा शिरेतून देतात), किलोमागे ५० हजार युनिट: ३ किलोच्या बाळाला दर वेळी दीड लाख, पहिले ७ दिवस १२ तासांनी, पुढचे ३ दिवस ८ तासांनी. एका दिवसाहून जास्त खंड पडला तर सगळा कोर्स नव्याने. रक्त बाळाच्या शिरेतूनच घ्या. नाळेतलं आईच्या रक्ताने बिघडलेलं असू शकतं. आईची व्हीडीआरएल केली असेल तर बाळाचीही तीच, शक्यतो त्याच लॅबात. आरपीआर या दुसऱ्या चाचणीच्या आकड्याशी तुलना होत नाही. नाकातून सतत, कधी रक्ताळ शेंबूड, तळहात-तळपायाची सालं निघणं, पोट फुगणं दिसलं तर हातमोजे घालूनच हाताळा.

प्रश्नकर्ती: म्हणजे आज पहिला डोस. बाळंतपण कुठल्या गावात होईल नेम नाही.

उत्तर १: मग अक्का, डोसांच्या तारखा आणि टायटर तायी कार्डासोबत (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड) बंद पाकिटात द्या. इंग्रजीत लिहा, म्हणजे कानडी-मराठी कुठलाही डॉक्टर वाचेल.