लॉ कॉलेजच्या भिंतीवरची नावं: श्रेय नक्की कुणाचं?

गिरगावकर (धागाकर्ता)

भाच्याला पाच वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घ्यायचाय. घरात मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज की पुण्याचं आयएलएस यावर दोन तट पडलेत. त्यात फॅमिली ग्रुपवर जीएलसीच्या थोरांची यादी फिरतेय. टिळक, आंबेडकर, पालखीवाला, फली नरीमन, सोली सोराबजी, प्रतिभाताई पाटील आणि आणखी डझनभर.

माझं मत सांगतो, मग हाणा. 1855 साली सुरू झालेल्या एका सरकारी कॉलेजातून देशाच्या पहिल्या सरन्यायाधीशांपासून (हरिलाल कणिया) राष्ट्रपतींपर्यंत माणसं निघाली असतील, तर त्याला योगायोग म्हणत नाहीत. केशवानंद भारती खटला घ्या, केरळमधल्या एका मठाच्या प्रमुखांनी सरकारविरुद्ध लढलेला. 1973, तेरा न्यायाधीश, 68 दिवस सुनावणी, निकाल सात विरुद्ध सहा. संसदेला घटनेचा गाभा मोडता येणार नाही, हे त्यात ठरलं. मठातर्फे पालखीवाला आणि केरळ सरकारतर्फे सिरवई, दोघेही जीएलसीचे. देशाच्या घटनेचं भवितव्य ठरत असताना दोन्ही बाजूंना एकाच कॉलेजची माणसं उभी असणं, याला संस्थेचं वजन नाही तर काय म्हणायचं?

उलटतपासणी

याला यादीचं वजन म्हणायचं. पालखीवाला जीएलसीत गेले कसे, ते माहीत आहे का? त्यांना इंग्रजीचं प्राध्यापक व्हायचं होतं. विद्यापीठातली जागा मिळाली नाही. तोवर बाकीचे प्रवेश संपत आले होते, लॉ कॉलेजचं दार उघडं होतं, म्हणून तिथे गेले. बुद्धी घरून आणलेली, इंग्रजी झेव्हियर्समध्ये घासलेलं. कॉलेजनं काय केलं? दार उघडं ठेवलं!

दुसरं म्हणजे यादी सोयीची असते. आणीबाणी लागली तेव्हा पालखीवालांनी इंदिरा गांधींचं वकीलपत्र परत केलं आणि नरीमन यांनी अतिरिक्त सॉलिसिटर जनरलचं पद सोडलं. हे सगळे अभिमानानं सांगतात. पण 1976 च्या एडीएम जबलपूर निकालात, आणीबाणीत नागरिकाला हेबियस कॉर्पसचाही (बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचाही) आधार नाही म्हणणाऱ्या चौघांत न्या. भगवती होते. तेही जीएलसीचेच. दुसरे न्या. यशवंतराव चंद्रचूड, आयएलएसचे विद्यार्थी आणि काही वर्षं जीएलसीत शिकवलेले. विरोधात एकटे न्या. खन्ना. त्यांचा या दोन्ही कॉलेजांशी काही संबंध नाही. नरीमनचं श्रेय कॉलेजला देणार असाल, तर भगवतींचा तो निकालही त्याच खात्यावर मांडा.

लॉ_कॉलेज_रोडकर

मुंबईकरांच्या भांडणात पुण्याचं नाव निघालंच आहे म्हणून. (आमच्याकडे कॉलेजच्या नावाचा अख्खा रस्ता आहे आणि मागे टेकडीही. यादीची गरज पडत नाही.)

यशवंतराव चंद्रचूड आमचेच, नाकारत नाही. पण पूर्ण माणूस सांगा ना. केशवानंदमध्ये ते अल्पमतातल्या सहांत होते. 1980 च्या मिनर्व्हा मिल्समध्ये मात्र सरन्यायाधीश या नात्यानं त्यांनीच मूलभूत चौकटीचं (म्हणजे घटनेचा गाभा मोडता येत नाही हे) तत्त्व पक्कं केलं, आणि समोर युक्तिवादाला होते पालखीवाला. सिरवईंनीही पुढे आपल्या ग्रंथात मत बदललं आणि बहुमताची बाजू योग्य होती असं लिहिलं. माणूस शिकत राहतो, हे कायद्याच्या शिक्षणाचंच फळ नाही का? आणि जबलपूरचा निकाल 2017 साली खासगीपणाच्या खटल्यात रद्दबातल ठरवला तो यशवंतरावांच्याच मुलानं.

उलटतपासणी

मुलगा शिकला दिल्लीत आणि हार्वर्डला. चालू द्या.

लॉ_कॉलेज_रोडकर

हा हा, गुण तुमचा. पण एक राहिलं. यादीत कायम न्यायाधीश आणि मंत्री. आमच्या गजेंद्रगडकरांचं नाव सगळे घेतात, 1964 साली सरन्यायाधीश झाले म्हणून. पण ज्यांनी पिढ्या घडवल्या ते मास्तर कुठे असतात? प्राचार्य सत्यरंजन साठे यांचं प्रशासकीय कायद्यावरचं पुस्तक किती वकिलांनी परीक्षेच्या आदल्या रात्री उघडलं असेल! ते कधी कुठल्या फॉरवर्डमध्ये येत नाहीत.

भीमथडी

फॉरवर्डमधली एक दुरुस्ती आधी करू. बाबासाहेब जीएलसीत शिकले नाहीत. बीए एल्फिन्स्टनमधून, पुढे कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन (लंडनची बॅरिस्टर घडवणारी संस्था). जीएलसीत ते शिकवायला होते आणि 1935 च्या जूनमध्ये तिथले प्राचार्य झाले. 'आमच्या कॉलेजनं घडवलं' हे वाक्य इथे उलटं होतं.

आता त्या काळाकडे बघा. 1935 च्या मे महिन्यात रमाबाई गेल्या. जूनमध्ये प्राचार्यपद. ऑक्टोबरमध्ये येवल्याला 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा. 1936 साली जातीच्या उच्छेदाचं ते गाजलेलं भाषण छापलं गेलं, कारण लाहोरच्या ज्या मंडळासाठी ते लिहिलं होतं, त्यानं सभाच रद्द केली. त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष. 1937 साली मुंबई विधानसभेत निवडून आले आणि सप्टेंबरमध्ये कोकणातली खोती (खोतांची जमीनदारी) मोडणारं विधेयक मांडलं. 1938 पर्यंत हा माणूस सरकारी कॉलेजचा प्राचार्यही होता!

आज कुठल्या सरकारी कॉलेजच्या प्राचार्यानं यातली एक गोष्ट केली तर दुसऱ्या दिवशी नोटीस हातात पडेल. म्हणून मला कॉलेजचं श्रेय दिसतं ते इथे. बाबासाहेबांना घडवण्यात नाही, त्यांना जागा देण्यात. वकिली करणाऱ्या माणसाला शिकवता यावं अशी ती रचना होती.

गिरगावकर

@भीमथडी, दुरुस्ती मान्य. ग्रुपवर टाकतो, काकांना आवडणार नाही.

पण तुम्ही माझाच मुद्दा मांडलात की! ती रचना बऱ्याच अंशी टिकून आहे. सकाळी लवकर तासिका, मग मुलं फोर्टात एखाद्या चेंबरमध्ये फायली उचलायला. हजेरीच्या नावानं बोंब असते, खरंय. पण हायकोर्ट हाकेच्या अंतरावर असणं, हीच अर्धी शाळा.

तालुका_कोर्ट

आतापर्यंत नुसतं वाचत होतो. मी संध्याकाळच्या कॉलेजात एलएलबी केलं. दिवसा पतसंस्थेत नोकरी. आमच्या कॉलेजच्या भिंतीवर फक्त संस्थापक चेअरमनचा फोटो होता, हार वाळलेला.

अंतराचा हा मुद्दा मला पटतो आणि टोचतोही. ज्याचं घर, मावशी किंवा हॉस्टेल मुंबईत, त्यालाच ते चेंबर. आमच्याकडे सिनिअरनं पहिली दोन वर्षं दिलं ते चहापुरतं. पोटगीच्या मॅटरमध्ये बाईला तारखेमागून तारीख पडते, तेव्हा तिच्या शेजारी उभा असतो तो अशा बिननावाच्या कॉलेजचा वकील. त्याचा प्रभाव कुठल्या यादीत मोजणार?

यादीतल्यांना कमी लेखत नाही. फुटपाथवाल्यांच्या खटल्यात, 1985 साली, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं लिहिलं ते याच यशवंतराव चंद्रचूडांनी. ते वाक्य मी अतिक्रमणाच्या नोटिसांविरुद्ध कितीदा वापरलंय. (त्या निकालात झोपड्या हटवायला पालिकेला मुभाच मिळाली होती, हे समोरचा वकीलही तितक्यांदा वाचून दाखवतो.)

उलटतपासणी

@तालुका_कोर्ट, हे कंसातलं आधी सांगायचं असतं.

माझी हरकत कायम आहे. भीमथडींचं अर्धं मान्य: जागा देणं हे संस्थेचं काम, तेवढं श्रेय घ्या. पण मग भाच्याला यादी दाखवू नका. कॉलेजात आत्ता शिकवायला कोण आहे, कायम प्राध्यापकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते, ते विचारायला लावा. टिळकही एलएलबी होते, 1879 चे. 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःची बाजू त्यांनी स्वतःच मांडली. शिक्षा सुनावली ती न्या. दावर यांनी, ज्यांनी 1897 मध्ये बॅरिस्टर म्हणून त्यांच्याच जामिनासाठी युक्तिवाद केला होता. कुठल्या कॉलेजच्या माहितीपुस्तकात बसवणार हे?

गिरगावकर

भाच्याला हा धागा वाचायला दिला. तो म्हणतो, हॉस्टेल कुठे मिळतंय ते आधी बघू.