मदत हवी आहे: सातवीतल्या लेकीला भाषणाची भीती

नमस्कार. आम्ही सोलापूरला बाळीवेशीजवळ राहतो. मुलगी सातवीत आहे. १२ जानेवारीला शाळेत तिला सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर बोलायचंय. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी दिली, हे सगळं तिला तोंडपाठ आहे. घरात खडाखडा बोलते, पण वर्गात उभी राहिली की हात गार पडतात, आवाजच फुटत नाही. मागच्या वर्षी मधेच अडकली, मुलं हसली, तेव्हापासूनचं हे.

परवा म्हणाली, "आई, सिद्धेश्वराला रोज सांगते, तरी भीती जात नाही. माझी भक्ती कमी पडते का गं?" पोटात तुटलं माझ्या. मग तिला नंदीध्वजांचा सराव दाखवायला नेलं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी एवढ्या उंच, जड काठ्या पेलायचा सराव चालतो ना, तो. म्हटलं, "बघ, हे तर सिद्धेश्वराचे भक्तच, तरी सराव करतात." घरी येईपर्यंत गप्प होती.

तिची श्रद्धा मला जपायचीच आहे, पण नुसतं देवावर टाकून बसायचं नाहीये. सध्या श्वास सावकाश सोडायचा आणि आजीसमोर बोलायचं, एवढं सुरू केलंय. पुढची पायरी काय ठेवू? बाईंना आधी भेटून सांगावं, की त्याने ती आणखी बुजेल? शिक्षक मंडळींनी अशा मुलांना कसं उभं केलं, कृपया सांगा.