मदत हवी आहे: एफएफएमपेगने (कमांड देऊन व्हिडिओ-ऑडिओ बदलायचं साधन) व्हिडिओतला आवाज वेगळा काढताना एरर

कीर्तनांचे व्हिडिओ आहेत, दीड-दोन तासांचे, एमपी४ आणि थोडे वेबएम. फक्त आवाज हवा आहे. एमपी३ केलं की टाळांचा आवाज चरचरतो. म्हणून '-सी:ए कॉपी' लावून आउटपुटला .एमपी३ नाव दिलं, तर 'इनव्हॅलिड ऑडिओ स्ट्रीम' येतं. लिनक्स वापरतो. काय चुकतंय?

प्रतिसाद १
कॉपी म्हणजे आवाज आहे तसा उचलणं. एमपी४ मध्ये बहुधा एएसी या कोडेकचा (आवाज दाबून साठवायच्या पद्धतीचा) आवाज असतो, तो .एमपी३ फाइलमध्ये बसत नाही. नाव बदलून कोडेक बदलत नाही. आधी 'एफएफप्रोब फाइलचं नाव' (एफएफप्रोब फाइलची माहिती दाखवतो) चालवून 'ऑडिओ:' ही ओळ बघा. एएसी असेल तर:

एफएफएमपेग -आय कीर्तन.एमपी४ -व्हीएन -सी:ए कॉपी कीर्तन.एम४ए

(टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.) '-व्हीएन' म्हणजे चित्र वगळा. पुन्हा एन्कोडिंग नाही, त्यामुळे दोन तासांची फाइलही झटकन निघते आणि दर्जा तसूभरही उतरत नाही. वेबएममध्ये ओपस हा कोडेक निघाला तर .ओपस करा; .एम४ए दिलंत तर तिथेही एररच येईल. काहीच जुळलं नाही तर .एमकेए, त्यात जवळपास सगळं मावतं.

टाळ चरचरतात कारण बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा वापरायचा ते) न सांगितल्यास एफएफएमपेग एमपी३ साठी १२८ केबीपीएस धरतो, आणि आधीच दाबलेला आवाज पुन्हा दाबला जातो. टाळ-चिपळ्यांचे वरचे स्वर तिथेच आधी बिघडतात.

धागाकर्ता
एम४ए झालं, आभार! पण गाडीतला प्लेअर एमपी३च घेतो. शिवाय एका फाइलमध्ये दोन ट्रॅक आहेत, कॅमेऱ्याचा माइक आणि मिक्सर.

प्रतिसाद २
मग कॉपीऐवजी '-सी:ए लिबएमपी३लेम -क्यू:ए २' द्या (एमपी३ बनवणारा एन्कोडर आणि दर्जाची पातळी). सरासरी १९० केबीपीएस पडतं, दोन तासांना साधारण १७० एमबी. मूळ एम४ए मात्र जपून ठेवा, पुढचं कुठलंही रूपांतर त्यावरूनच करा.

ट्रॅक निवडायला '-मॅप ०:ए:१'. मोजणी शून्यापासून, म्हणजे हा दुसरा ट्रॅक. मिक्सरचा कोणता ते ऐकूनच ठरवा. काही सांगितलं नाही तर एफएफएमपेग जास्त चॅनलवाला ट्रॅक घेतो, आणि मिक्सरचा मोनो (एक चॅनल) व कॅमेऱ्याचा स्टिरिओ (दोन) असेल तर बहुधा कॅमेऱ्याचा माइक हाती येतो.

प्रतिसाद १
सगळ्या फाइली एकदम करणार असाल तर लूपमध्ये (तीच कमांड प्रत्येक फाइलवर चालवताना) नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्हं हवीतच, नाहीतर 'हरिपाठ भाग २.एमपी४' चे तीन तुकडे होतात. यादीतून एकेक नाव वाचणारा 'व्हाइल रीड' लूप वापरलात तर '-नोएसटीडीइन' जोडा. एरवी एफएफएमपेग यादीतली अक्षरं स्वतःच वाचतो आणि पुढच्या फाइलींची नावं अर्धवट येतात. '-एन' दिलंत की आधी झालेल्या फाइलींना हात लागत नाही.