रिसेप्टरचं स्ट्रक्चर दिसतंय, तरी सिलेक्टिव्ह औषध बनवणं एवढं अवघड का?

फार्माकन्या:
फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मस्कारिनिक रिसेप्टरचे (म्हणजे पेशीवरचं प्रथिन, असेटिलकोलीन हा संदेशवाहक रेणू चिकटला की ते पेशीला इशारा देतं) एम१ ते एम५ असे पाच प्रकार, त्यातल्या एम२ आणि एम३ चं स्ट्रक्चर २०१२ मध्येच आलं. मग मेंदूतल्या एम१ ला बसेल आणि हृदयातल्या एम२ ला हात लावणार नाही असं औषध कॉम्प्युटरवर डिझाइन करायला अडचण काय आहे? पुस्तकात कुलूप-किल्लीच्या पुढे काहीच नाही, कोणी नीट समजावेल का प्लीज.

रेणूवेडा:
अडचण कुलपातच आहे गं. असेटिलकोलीन जिथे बसतं तो खड्डा पाचही प्रकारांत जवळपास सारखाच, कारण पाचांनाही तोच एक रेणू ओळखायचाय, म्हणजे तिथला अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी) बदलला तर असेटिलकोलीनच बसणार नाही. त्यामुळे स्ट्रक्चर आल्यावर कळलं काय, तर फरक शोधायचा तर त्या खड्ड्याच्या बाहेर बघा. त्याच्या जरा वर, पेशीच्या बाहेरच्या बाजूला अजून एक जागा आहे, अ‍ॅलोस्टेरिक साइट, तिथे पाचांत बराच फरक आहे आणि बरेच जण आता तिथेच रेणू बसवायच्या मागे आहेत.

पण फरक मोठाच असावा लागतो असं नाही हां. गाबा-ए रिसेप्टर घे, मेंदू शांत करणाऱ्या गाबा या रेणूचा. पाच तुकड्यांचं कडं, डायझेपाम, म्हणजे भीती कमी करणारं आणि गुंगी आणणारं औषध, बसतं अल्फा आणि गॅमा तुकड्यांच्या मधल्या फटीत. अल्फाचे सहा प्रकार, त्यातल्या १, २, ३, ५ मध्ये त्या जागी हिस्टिडिन हा अमिनो आम्ल आहे, ४ आणि ६ मध्ये आर्जिनिन. बस एवढंच, आणि डायझेपाम चिकटत नाही! १९९९ मध्ये उंदरांच्या अल्फा १ मधला तो एकच हिस्टिडिन बदलून आर्जिनिन केला तर डायझेपाम देऊनही गुंगी येईना, भीती मात्र कमी होत होती. गुंगी आणि भीती वेगवेगळ्या तुकड्यांवर आहेत हे त्यातून दिसलं, मला हा प्रयोग फार आवडतो.

संध्याछाया:
वरचं सगळं बरोबर, फक्त स्ट्रक्चर म्हणजे एक फोटो आहे हे विसरू नका, रिसेप्टर सतत हलत असतो आणि बंद अवस्थेतल्या फोटोवर डिझाइन केलेला रेणू त्याला चालू करेलच असं नाही. आणि सिलेक्टिव्ह म्हणजे शंभर टक्के नव्हे, डोस वाढवला की शेजारच्यालाही लागतं. फेनफ्लुरामीन आठवा, भूक कमी करायला दिलं, त्याचा मेटाबोलाइट (शरीरात त्यापासून बनणारा रेणू) सेरोटोनिन या संदेशवाहकाच्या २बी रिसेप्टरलाही चालू करायचा, तो हृदयाच्या झडपांवर असतो, झडपा खराब झाल्या आणि १९९७ मध्ये अमेरिकेत औषध मागे घेतलं. म्हणून आता नवा रेणू २बी वर आधीच तपासतात.

रेणूवेडा:
हो, आणि कधी कधी सिलेक्टिव्हिटी रिसेप्टरवर नाही, जागेवर मिळवतात. झॅनोमेलीन हे औषध मेंदूतल्या एम१, एम४ ला चालू करतं, पण शरीरात बाकीकडे मळमळ, लाळ वगैरे व्हायचं. मग त्याच्या जोडीला ट्रॉस्पियम दिलं, जे मस्कारिनिक रिसेप्टर बंद करतं पण मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. ही जोडी सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी मंजूर झाली.

फार्माकन्या:
खूपच छान, थँक्यू दोघांनाही! पण ट्रॉस्पियम मेंदूत का शिरत नाही?

संध्याछाया:
त्याच्या नायट्रोजनला चार कार्बन जोडलेत, म्हणून त्याच्यावर कायमचा धन प्रभार. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, मधून फट नाही, आणि पेशीच्या चरबीच्या पडद्यातून प्रभार असलेला रेणू सहजासहजी जात नाही. त्याचं चित्र काढून नायट्रोजनभोवती बंध मोजून बघ, लगेच दिसेल.