दहा महिन्यांच्या बाळाला खुणांची भाषा शिकवावी का? (साबा, म्हणजे सासूबाई, म्हणतात मुका राहील)

पिल्लूची_आई

मंडळी, मदत करा. मुलगा परवा दहा महिन्यांचा झाला. माझी जाऊ न्यू जर्सीला असते, तिची मुलगी याच्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठी. व्हिडिओ कॉलवर ती पोर दूध हवं असलं की मूठ उघडते-मिटते, धार काढल्यासारखी. वाटीतला भात संपला की दोन्ही हातांची बोटं जुळवून एकमेकांवर आपटते, म्हणजे ‘अजून’. मी बघतच राहिले. जाऊबाईंनी लगेच वीस खुणांचा तक्ता पाठवला, तो मी फ्रिजवर चिकटवला.

गेले तीन आठवडे दूध, अजून आणि संपलं या तीनच खुणा करतेय. चिरंजीव माझ्या मुठीकडे बघून खदखदून हसतात आणि माझं नाक पकडतात. प्रगती शून्य. वर साबांचं रोज सुरू: ‘हातवाऱ्यांवर भागलं तर पोर तोंड कशाला उघडेल?’ काल तक्त्यावर लाइटबिल लावलेलं दिसलं.

तर, बोलणं खरंच लांबतं का? अमेरिकन खुणा शिकवू की आपल्या? आणि हा पठ्ठ्या हात कधी हलवणार?

खमंग_काकडी

तीन आठवडे म्हणजे काहीच नाही गं. आम्ही थोरल्याला आठव्या महिन्यात सुरू केलं, साहेबांनी अकराव्यात पहिल्यांदा ‘अजून’ केलं, तेही चुकीचं. बोटं जुळवायच्या ऐवजी एका तळहातात दुसऱ्या हाताचं बोट खुपसायचा. मग जो सुटला! गणपतीत आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली झाली, सगळे प्रसादाकडे वळले, आणि हा आजोबांच्या कडेवरून तळहातात बोट खुपसतोय. आजोबांनी पुन्हा घंटा हातात घेतली. सव्वा वर्षाचा झाल्यावर ‘अजु’ म्हणायला लागला आणि खूण आपोआप सुटली. आता सात वर्षांचा आहे. गप्प बसवायचा क्लास कुठे असेल तर सांग.

चहा_आणि_चकली

मी स्पीच थेरपिस्ट आहे. ऐकू येणाऱ्या बाळांना खुणा शिकवण्याची टूम १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात लिंडा अॅक्रेडोलो आणि सुझन गुडविन यांच्या संशोधनातून पुढे आली. त्यांना खुणांचा बोलण्याला फायदा दिसला होता. त्यावर पुढे क्लास, तक्ते असा सगळा बाजार उभा राहिला. २०१३ साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाचा अभ्यास आला. ४० बाळं, आठव्या महिन्यापासून विसाव्यापर्यंत. खुणा शिकलेली बाळं इतरांच्या आधी बोलली नाहीत आणि मागेही पडली नाहीत. फरक दिसला तो आयांमध्ये, त्या बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांकडे जास्त लक्ष देत होत्या. तेव्हा साबांना सांगा, काळजी नको. जाऊबाईंनाही सांगा, फार आशा नको.

एक मात्र विचारते. जन्मल्यावर ओएई, म्हणजे बाळाला ऐकू येतं का ही कानांची तपासणी, झाली होती का? पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा नियम आहे. राहून गेली असेल तर आता करून घ्या. मागे उभं राहून पातेलं वाजवणं ही तपासणी नव्हे. बाळ हवेच्या झोतानं, सावलीनं, फरशीच्या हादऱ्यानंही वळतं.

शांत_घर

सहसा मी नुसती वाचते, आज राहवलं नाही. माझे आई-बाबा दोघेही जन्मापासून बहिरे. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे, आई ब्लाउज शिवायची. मला ऐकू येतं. म्हणजे तुम्ही तक्ता लावून जे करताय ते आमच्याकडे चोवीस तास चालायचं.

रात्री आई जुन्या लुगड्याची पट्टी माझ्या घोट्याला सैल बांधायची, दुसरं टोक तिच्या मनगटाला. मी वळवळले की तिला जाग. आजी सांगायची, मी आईसमोर रडायचे ती आवाज न काढता, नुसता चेहरा वेडावाकडा करून आणि हात झाडून. आजी दारात दिसली की मग भोकाड. कुणासमोर काय चालतं, हे वर्षाच्या आतच कळलं होतं म्हणे. माझी पहिली खूण ‘दिवा’. आई मला हाक मारायची ती बटण चालू-बंद करून, त्यामुळे तीच असणार. आणि साबांसाठी: तोंडानेही मी वेळेवरच बोलले. आजी होती, चाळ होती, रेडिओ होता.

मॉन्ट्रियलच्या लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ साली दाखवलं की खुणांची भाषा बघत वाढणारी बहिरी बाळं हातांनी बोबडं बोलतात, आपली ‘बाबाबा’ करतात तसं, ठेका धरून. मोठेपणी हे वाचलं तेव्हा मला आईचे हात आठवले.

राग एकाच गोष्टीचा येतो. ऐकू येणाऱ्या बाळानं मूठ उघडली-मिटली की सगळे टाळ्या वाजवतात. माझ्या आईनं शाळेत हात हलवला की बोटांवर पट्टी बसायची, ‘ओठ बघ, बोल’ म्हणून. सुट्टीत संडासामागे मुली खुणांनी गप्पा मारायच्या. तिची भाषा ती तिथे शिकली. अजूनही कितीतरी बहिऱ्या मुलांच्या आयांना सांगतात, हात वापरू नका, मशीन लावलंय, सवय लागेल. ऐकणाऱ्याला चालतं आणि ज्याला गरज आहे त्याला बंदी, हे कुठलं गणित?

आता तुमच्या प्रश्नाचं. वीस खुणा म्हणजे भाषा नव्हे, सोय आहे; सोय म्हणून जरूर करा. पण इथे राहून शिकायचंच तर भारतीय सांकेतिक भाषा शिका. अमेरिकन वेगळी आहे, त्यांची मुळाक्षरं एका हातानं, आपली दोन हातांनी. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं (२०१५ साली सुरू झालं) शब्दकोश केलाय, २०२१पर्यंत त्यात दहा हजार शब्द झाले, व्हिडिओ फुकट बघता येतात. व्याकरणही स्वतंत्र आहे. ‘तू कुठे राहतोस’ला आम्ही ‘तू राहणे कुठे’ म्हणतो, आणि ‘कुठे’ करताना भुवया काम करतात. तुमचा चेहरा मख्ख असेल तर बाळाला अर्धंच वाक्य मिळालं.

खूण दूध समोर असताना करा, नुसती सराव म्हणून नको. त्याच्या नजरेच्या उंचीला या, शब्दही तोंडाने म्हणा, आणि मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा. आपण थांबत नाही, तीनलाच बाटली तोंडात देतो.

पिल्लूची_आई

@चहा_आणि_चकली, ओएई झाली होती, फाइल काढून बघितली, दोन्ही कान पास.

@शांत_घर, तुमचा प्रतिसाद साबांना मोठ्याने वाचून दाखवला. लुगड्याच्या पट्टीपाशी त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, ‘मी कधी बंदी घातली?’ लाइटबिल आहे तिथेच आहे.

आणि हे ऐका. काल लाइट गेली होती. परत आली तसा हा वर बघून मनगट गोल गोल फिरवायला लागला. तक्त्यात अशी खूणच नाही! मग लक्षात आलं, साबा रोज दुपारी त्याला मांडीवर घेऊन ‘फॅन कुठाय, फॅन कसा फिरतो’ करतात. त्यांना सांगितलं तर म्हणे, ‘ते काय शिकवणं झालं होय?’

शांत_घर

तारीख लिहून ठेवा. आणि पंखा बंद असताना करतो का बघा.